गोड्या पाण्यातला चोर

मे संपत आला की मढच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायला लागतात आणि मी मालाडहून बस पकडून सुकं आणायला जाते. पावसाळ्यात मासेमारी बंद. ताजा म्हणून जो मिळतो तो बर्फातला, कुठून आला कोण जाणे. म्हणून बोंबील, सोडे, जवळा, एखादा खारा बांगडा असं सगळं आधीच घरात भरून ठेवायचं. लोक उन्हाळ्यात पापड-लोणची करतात, तशी ही आमची बेगमी. बोंबील हातात घेऊन वाकवायचा, कट्कन मोडला तर घ्यायचा, लवला तर कोळीण मावशीला परत द्यायचा. यंदा मावशीने तो माझ्या हातातून ओढून घेतला, स्वतःच मोडून दाखवला आणि इतकी वर्षं येतेस तरी भरवसा नाही का, म्हणून मला चांगलं झापलं.

ती पिशवी घेऊन बसमध्ये बसलं की शेजारची सीट आपोआप मोकळी होते. पूर्वी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता मी पिशवी त्या सीटवर ठेवते आणि आरामात बसते.

आज घरी आले तेव्हा हॉलमधल्या काचेच्या टाकीत तो वाळूवर आडवा पडला होता. एक कूस वर, डोळा स्थिर, कल्ला हलतोय की नाही तेही कळू नये असा. नवख्या माणसाने पाहिलं तर म्हणेल, गेला. मी म्हटलं, "ऊठ रे नाटक्या. आणलंय तुलापण." त्याने ढिम्म लक्ष दिलं नाही. सुक्या कोळंबीचे सोडे पाण्यात भिजत पडल्याशिवाय तो उठत नाही, हे आता मलाही माहीत आहे आणि त्यालाही.

हा मासा मूळचा आफ्रिकेतला. तिकडे मालावी नावाचं गोड्या पाण्याचं सरोवर आहे, पलीकडचा काठ दिसू नये एवढं मोठं. सिक्लिड म्हणून माशांचं एक घराणं आहे, त्यातल्या असंख्य जाती त्या सरोवरात नांदतात. कितीतरी बिचाऱ्या दगडावरचं शेवाळ खरवडून पोट भरतात. आमचा हा शिकारी. पण धावाधाव करणं ह्याच्या स्वभावात नाही. हा वाळूवर आडवा होतो. अंगाच्या पांढुरक्या कातडीवर तपकिरी चट्टे, त्यामुळे मासा सडायला लागलाय असंच वाटतं. छोटे मासे फुकटचं काही मिळेल म्हणून जवळ येतात, टोचून बघतात. मग एक झटका बसतो आणि आपल्याला दिसतो तो फक्त वाळूचा ढग. त्याचं शास्त्रीय नाव कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या आडनावावरून ठेवलंय. तिथले कोळी मात्र त्याला झोपाळू म्हणतात, असं मी वाचलं. बाबा त्याला 'आमचो गाववालो' म्हणायचे.

बाबा म्हणजे माझे वडील. मालवणजवळचे, तरुणपणी मुंबईत गिरणीत लागलेले. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं, पण भाषा शेवटपर्यंत गावचीच ठेवली. आई गेल्यावर ते माझ्याकडे आले. मी लग्न केलेलं नाही, अंधेरीला विम्याच्या ऑफिसात काम करते, आणि आम्ही दोघं बोरिवलीला चौथ्या मजल्यावर भाड्याच्या घरात राहायला लागलो. बिल्डिंग शाकाहारी आहे असं घर दाखवताना कोणी बोललं नव्हतं. लिफ्टमध्ये फक्त एक पाटी होती. मासे-मटण घेऊन लिफ्टने जाऊ नये, जिन्याचा वापर करावा. पाणी गळतं, वास राहतो, असं कारण सांगायचे. बाबांचे गुडघे गेलेले. तरी ते बाजारातून आले की जिन्यानेच चढायचे. प्रत्येक मजल्यावर पिशवी खाली ठेवायची, कठडा धरून दम घ्यायचा, पुन्हा उचलायची. मी म्हणायचे, पिशवीत भाजी आहे सांगा. ते म्हणायचे, भाजी असली तर भाजी सांगेन.

आणि मग त्याच लोकांनी एका पावसाळ्यात लॉबीत फिशटँक आणला. वास्तुवाल्याने सांगितलं होतं, ईशान्य कोपऱ्यात वाहतं पाणी आणि जिवंत मासे ठेवा, सोसायटीची अडकलेली कामं सुटतील. टाकीला हार घातला, नारळ फोडला. बाबा सोहळा बघून वर आले आणि म्हणाले, "ह्यांका जितो मासो म्हणजे लक्षुमी आणि मेलेलो मासो म्हणजे घाण." मग खूप वेळ हसत बसले.

त्या दिवसांचं आठवतं ते असं. भिंतींना ओल, दोरीवर न वाळणारे कपडे, आणि स्वयंपाकघरात सुक्याच्या डब्याचं झाकण उघडलं की येणारा तो दणदणीत वास. मला तो वास आवडतो. हे वाक्य मी आयुष्यात फार उशिरा मोठ्याने बोलायला शिकले. ऑफिसात डबा उघडताना कोपरा शोधणं, केसांना वास येतो का ते मैत्रिणीला विचारणं, पाहुणे येणार म्हटलं की दोन दिवस आधीपासून घरात उदबत्त्या, हे सगळं मी केलंय. कोणी मला तसं शिकवलं नव्हतं. आपोआप अंगात मुरतं ते.

पावसामुळे बाबांचं बागेत जाणं बंद झालं होतं. दुपारचे ते लॉबीतल्या सोफ्यावर टाकीसमोर जाऊन बसायचे. टाकीत सोनेरी मासे होते, एक काळा होता, काही अगदी बारके चमचमते, आणि दुकानदाराने 'एकदम शांत आहे' म्हणून दिलेला हा चट्ट्याचट्ट्यांचा एक.

थोड्याच दिवसांत मासे कमी व्हायला लागले. मेले म्हणावं तर मेलेला सापडेना. आधी पाण्याला दोष दिला, मग मांजराला, मग वॉचमनला. मग हळूहळू सगळ्यांच्या माना चौथ्या मजल्याकडे वळल्या. लिफ्टमध्ये कोणीतरी गमतीत म्हणालं. आम्ही हसलो. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की लॉबीतील मासे कमी होत आहेत, तरी ज्यांच्या घरी नॉनव्हेज होतं त्यांनी सहकार्य करावं. आख्ख्या बिल्डिंगमध्ये ते घर एकच होतं.

माझं डोकं फिरलं. तो मेसेज मी बाबांना वाचून दाखवला. बाबांनाही राग आला, पण चोर म्हटल्याचा नव्हे. "गोड्या पाण्यातलो मासो? मी?" ते उठून उभेच राहिले. "शेणाचो वास येता त्येका. ह्या लोकांनी माका समाजल्यानी तरी काय?" समुद्राकाठच्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासाच नव्हे. तळ्यातला, नदीतला मासा आमच्या घरात कधी शिजला नाही. आणि तोही शोभेचा, बोटाएवढा. संध्याकाळभर ते धुसफुसत होते. चोरीचा आळ त्यांनी मनावर घेतला नाही, पण चवीचा अपमान त्यांना सहन होईना.

दोन-चार दिवसांनी सेक्रेटरी घरी आले. मराठीच माणूस, बोलायला मऊ. आमचा भाडेकरार संपत आला होता. कमिटीने मालकिणीला हरकत नाही असं कळवलं तरच तो पुढे चालायचा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की घरात मासे नकोत, अगदीच जमत नसेल तर निदान खिडक्या बंद करून करा, वास खाली येता कामा नये. टाकीबद्दल मी काहीच म्हणत नाही, असं त्यांनी जाताना दोनदा सांगितलं.

त्या रविवारी मी खिडक्या लावून बोंबील भाजले. पंखा फुल, दाराच्या फटीला ओला टॉवेल, घरात धूर कोंडलेला. ताट वाढलं. बाबांनी ते दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवलं.

"मी चोरून खावचंय नाय," ते म्हणाले. "चोर म्हणतत ता म्हणांदेत. चोरून खाल्लंय तर त्येंचा खरा होतला."

मी म्हटलं, बाबा, घराचा प्रश्न आहे. ते म्हणाले, मग घर सांभाळ, मी डाळभात खातो. आणि खरंच त्या दिवसापासून ते डाळभात खायला लागले. मग अर्धाच भात. मग नुसती पेज. सुक्याशिवाय पेज हा माणूस उभ्या जन्मात जेवला नव्हता. आई गेल्यानंतरसुद्धा तोंडाची चव टिकवून धरणारी ती एकच गोष्ट होती, डब्यातून काढलेला एक बोंबील आणि लसणाची चटणी. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. दुपारी भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडून राहायचे. मी ऑफिसातून आले की दारातूनच त्यांच्या बरगडीकडे बघायचे, वरखाली होतेय ना म्हणून. मला भीती वाटत होती, अगदी उघड भीती. एक खिडकी उघडता येत नव्हती म्हणून माझा बाप डोळ्यांदेखत आटत चालला होता.

श्रावण जवळ आला होता. मी म्हटलं, नाहीतरी श्रावणात तुम्ही सोडताच, महिनाभर आधीच सुरू झाला समजा. त्यावर ते कुशीवरून न वळता म्हणाले, "श्रावणात मी आपल्या मनान सोडतंय गो. कोणी सोडूक लावलेला ता येगळा."

एकदा जोराच्या पावसामुळे ऑफिस लवकर सुटलं. लॉबीत आले तर बाबा सोफ्यावर, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा फुललेला. मला पाहून त्यांनी बोट ओठावर ठेवलं आणि शेजारी बसवलं. टाकीत तो चट्टेवाला तळाशी आडवा पडला होता. मी म्हणणार होते, अरेरे, हाही मेला. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. एक चमचमता बारका मासा आला, त्याने त्याच्या पोटाशी एकदा टोचलं, पुन्हा टोचलं. वाळू उडाली. बारका तिथे नव्हता. चट्टेवाला सरळ होऊन दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात कल्ले हलवत राहिला.

बाबांना हे कधीपासून माहीत होतं. रोज दुपारी ते हेच बघायला यायचे. मी ताडकन उठले, आत्ताच्या आत्ता सेक्रेटरींना खाली बोलावते म्हटलं. बाबांनी मला खाली ओढलं. सांगितलंस तर ते त्याला गटारात टाकतील, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्यावर आळ आलाय, घर जाईल आपलं, आणि तुम्ही एका माशाला वाचवताय.

"घर गेला तर दुसरा गावतला," बाबा म्हणाले. "तो खय जातलो?"

त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला होता, तरी कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला. माणसाने आपल्या निर्दोषपणाचा पुरावा समोर पोहत असताना गप्प बसावं, हा कुठला शहाणपणा? पण मग रोज येताजाता मीही टाकीपाशी थांबायला लागले. नेटवर शोधून त्याचं गाव आणि घराणं तेव्हाच वाचलं. आणि बघता बघता एक गोष्ट मला बोचायला लागली. मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता. थोडे दिवस पडतं घे, गप्प राहा, निभावून ने. मी पडून राहिले होते खरी, पण नुसतीच पडून होते. तो पडायचा तेव्हा त्याचा डोळा जागा असायचा. आपण कोण आहोत आणि आपलं खाणं काय आहे, हे तो एक क्षणही विसरत नव्हता. अनोळखी पाण्यात, परक्या माशांत, हार घातलेल्या टाकीत तो जसाच्या तसा राहिला होता. मला त्याचा हेवा वाटला.

आषाढाच्या शेवटच्या रविवारी लॉबीत मीटिंग झाली. त्याच सकाळी टाकीत नवे मासे सोडले होते, पुन्हा हळदकुंकू वगैरे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. बाबा येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण धुतलेला सदरा घालून आले आणि त्यांच्या नेहमीच्या सोफ्यावर बसले. सेक्रेटरींनी गळतीचा विषय संपवला, पार्किंगचा संपवला आणि मग घसा खाकरून लॉबीतील माशांचा विषय काढला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेन बोलल्या. ह्या कांदासुद्धा न खाणाऱ्या, पण बाबांना नेमाने ताक पाठवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अंकल टाकीतले कशाला खातील? ते गोड्या पाण्यातले आहेत. अंकलना ते चालतच नाहीत." बाबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू साऱ्या जगात त्यांना ओळखणारं एकच माणूस शिल्लक आहे.

मग मी उभी राहिले. माशाबद्दल मला बोलायचं नव्हतं, बाबांना शब्द दिला होता. "आम्ही मासे खातो," मी म्हटलं. "बाजारातून आणून खातो, सुके असले तर भाजून खातो. भाजले की वास येतो. आजपासून खिडकी उघडी असेल. करार करायचा नसेल तर नका करू, पण जोवर त्या घरात आहोत तोवर माझे वडील चोरासारखे जेवणार नाहीत."

मागून कोणीतरी म्हणालं, अरे, तो चट्ट्यांचा गेला वाटतं, आजच्याच दिवशी, शकुन बरा नाही. सगळ्या खुर्च्या टाकीकडे वळल्या. तो तळाशी आडवा होता. वॉचमनला जाळी आणायला सांगितलं. तोवर सकाळीच सोडलेला एक नवा सोनेरी मासा खाली आला आणि त्याने त्याला टोचून बघितलं.

वाळू खाली बसेपर्यंत सगळी सोसायटी बघत होती. सोनेरी शेपटीचं टोक तेवढं त्याच्या तोंडाबाहेर राहिलं होतं, तेही आत गेलं.

"मेलो नव्हतो तो," बाबा सोफ्यावरून म्हणाले. "निजलेलो."

आमची माफी कोणी मागितली नाही, हे सांगायला हवं. चर्चा झाली ती वेगळीच. सोसायटीच्या ईशान्य कोपऱ्यात मांसाहारी मासा बसलाय, आता करायचं काय? वास्तुवाल्याला फोन गेला. कोणी म्हणालं, सवय लावू. मग त्याला उकडलेला मटार दिला, पालक दिला, हिरव्या गोळ्या दिल्या. मटार त्याने तोंडात घेतला आणि जोरात थुंकला. बाबा समोर बसून होते, ते मोठ्याने हसले. सवय लावायचा कार्यक्रम तिथेच आटोपला, आणि मग ठरलं की मासा काढून टाकायचा. बाबा म्हणाले, टाकू नका, आमच्याकडे द्या, आणि मी दुकानातून एक टाकी आणून ठेवली.

बादलीत त्याला घालून झाल्यावर ती उचलायला पुढे कोणी येईना. वॉचमन चहाला गेला होता. शेवटी सेक्रेटरींनीच बादली उचलली, अंगापासून लांब धरून. लिफ्टपाशी येऊन ते थांबले. पाटी त्यांच्या नाकासमोर होती. बाबांनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा जिन्याकडे, आणि अगदी नम्रपणे विचारलं, "जिन्यान जावया काय?"

सेक्रेटरींनी हातातल्या जड बादलीकडे पाहिलं, मग चार मजल्यांच्या जिन्याकडे, आणि बटण दाबलं. आम्ही तिघं आणि तो मासा लिफ्टने वर गेलो. दुसऱ्या मजल्यापाशी त्याने आत एक उसळी घेतली आणि लिफ्टभर पाणी झालं. सेक्रेटरींचे बूट भिजले.

त्याच संध्याकाळी मालकिणीचा फोन आला. तक्रार तिच्यापर्यंत गेलीच होती. मी जे मीटिंगमध्ये बोलले तेच तिला ऐकवलं, मनाची पूर्ण तयारी करून. ती ऐकून घेत होती. मग वैतागून म्हणाली, "अहो, खिडक्या लावून काय भाजता? भिंतींना वास बसेल माझ्या. तुम्ही यायच्या आधीच नवा रंग दिलाय. उघड्या ठेवा सगळ्या." कमिटीचं मी बघते म्हणाली आणि करार तिने पुढे चालू ठेवला. तिचा जीव तिच्या भिंतींत होता आणि तेवढ्याने आमचं काम झालं.

मी सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर पाऊस, गॅसवर जाळी, जाळीवर बोंबील. वास जाईल तेवढा जावो. बाबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर पेज प्यायले, ताट पुसून घेतलं. खालच्या मजल्यावर जिग्नाबेननी खिडकी लावल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी त्यांचं ताक नेहमीसारखं आलं. मग श्रावण लागला आणि बाबांनी स्वतःच्या मनाने मासे सोडले. त्याच्यासाठी मात्र रोज सोडे भिजत घालायचे, त्याला टाकीत घालून झाले की हात साबणाने धुवायचे आणि मग देवाला हात जोडायचे.

बाबांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. शेवटपर्यंत उघड्या खिडकीत बसून जेवले, हे मी मनात पुन्हा पुन्हा म्हणते, आणि तरीही त्यांचं ताट आठवलं की रडू येतं. मासा मोठा झाला. त्याचे चट्टे निळाईत बुडत चाललेत, डोक्यावर तर गडद निळा रंग चढलाय. त्याला क्षारांचं पाणी लागतं म्हणून मनोरीच्या किनाऱ्यावरून मी शिंपल्या आणून टाकीत ठेवल्यात. त्याला आता शिकार करायची काही गरज नाही, समोर आयतं मिळतं. तरी आडवा पडतोच.

आज मढहून परत आले तेव्हाचं सांगायचं राहिलं. लॉबीत दुसऱ्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेली मुलगी भेटली. लातूरकडची आहे, नवरा-बायको दोघं नोकरी करतात, ती पोटुशी आहे. हातात पिशवी होती, तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. मला बघून तिने पिशवी ओढणीआड घेतली आणि जिन्याकडे वळली. मी विचारलं, लिफ्ट चालू आहे की, जिन्याने का? तिने पाटीकडे बोट केलं. "काकू, लिहिलंय ना तसं."

मी लिफ्टचं दार धरून ठेवलं. माझ्या पिशवीचा वास तोवर लॉबीभर झालाच होता.

"लिहू दे," मी म्हटलं. "तू आत ये. ह्या बिल्डिंगमध्ये मासा लिफ्टनेच जातो."